क्लेरोच्या चार खोल्या : ‘चार्म’ हा अल्बम कसा घडला

न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात ‘डायमंड माइन’ नावाचा स्टुडिओ आहे. तिथे अजूनही टेपवर ध्वनिमुद्रण होतं. ड्रम, बास, पियानो वाजवणारे एकत्र बसतात, रिळं फिरू लागतात आणि गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं जातं. मध्येच कुणाचं चुकलं तर संगणकावर करतात तसं दोन क्लिकमध्ये ते दुरुस्त करता येत नाही, बहुतेक वेळा सगळ्यांनी मिळून पुन्हा वाजवायचं. आपल्याकडे ताडदेवच्या फेमसमध्ये किंवा वांद्र्याच्या मेहबूबमध्ये सिनेमाची गाणी अशीच व्हायची. आधी ‘मॉनिटर’ म्हणजे तालीम, मग ‘टेक’, आणि एवढ्या मोठ्या ताफ्यात एका व्हायोलिनचा गज जरी चुकला तरी रिटेक सगळ्यांचा.

अमेरिकन गायिका क्लेअर कॉट्रिल, म्हणजे क्लेरो, हिच्या तिसऱ्या अल्बमचं बरंचसं काम या स्टुडिओत झालं. ‘चार्म’ १२ जुलै २०२४ रोजी प्रकाशित झाला. अकरा गाणी, अडतीसेक मिनिटं. बासरी, क्लॅरिनेट, वुर्लिट्झर नावाचा विजेवर चालणारा पियानो, दबक्या आवाजातले ड्रम आणि या सगळ्यांवर कानाशी येऊन बोलल्यासारखं गाणं. ऐकताना १९७०च्या दशकातली एखादी निवांत दुपार समोर उभी राहते. आणि गायिकेचा जन्म तर १९९८ सालचा.

मला या प्रकरणात रस वाटला तो एका विसंगतीमुळे. क्लेरो जगाला माहीत झाली ती झोपायच्या खोलीत, लॅपटॉपसमोर, एकटीने केलेल्या एका गाण्यामुळे. ‘कुणाचीही मदत न घेता मुलगी हे करू शकते’ हीच तिची ओळख होती. सात वर्षांनी हीच मुलगी जिथे दुसऱ्या माणसांशिवाय गाण्याची एक ओळही पुढे सरकत नाही अशा जागी जाते, आणि तिथून जो अल्बम बाहेर येतो तो तिच्या आतापर्यंतच्या कामात सर्वांत हलका, सर्वांत मोकळा वाटतो. हे कसं झालं? माझ्या मते त्याचं उत्तर तिने एकामागून एक बदललेल्या चार खोल्यांमध्ये आहे.

पहिली खोली : कार्लाइल

क्लेअर जन्मली अटलांटात, वाढली मॅसॅच्युसेट्समधल्या कार्लाइल या बॉस्टनजवळच्या लहानशा गावात. तेराव्या वर्षाच्या सुमारास ती दुसऱ्यांची गाणी म्हणून रेकॉर्ड करू लागली. पुढे स्वतःची गाणी बँडकॅम्प आणि साउंडक्लाउड या गाण्यांच्या संकेतस्थळांवर चढवू लागली. सतराव्या वर्षी तिला संधिवाताचं निदान झालं. मुलांना आणि किशोरवयीनांना होणारा हा प्रकार असतो, त्यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. गिटार वाजवणाऱ्या मुलीच्या बाबतीत याचा अर्थ काय होतो, हे वेगळं सांगायला नको. हा आजार पुढच्या गोष्टीत पुन्हा येतो.

२०१७ साली तिने ‘प्रिटी गर्ल’ हे गाणं केलं. ते एका कॅसेट-संग्रहासाठी होतं, आणि त्याच्या विक्रीतून ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या एका कायदेविषयक संस्थेला मदत जाणार होती. हाताशी जे होतं त्यावरच सगळं केलेलं: लॅपटॉप, त्यात आयता मिळणारा ध्वनिमुद्रणाचा प्रोग्रॅम, साधे कीबोर्डचे सूर. व्हिडिओ तर त्याहून साधा. आपल्या खोलीत, कानात इअरफोन घालून, केस न धुतलेले, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर ती गाण्यावर ओठ हलवते, मान डोलावते, मध्येच खेळणी दाखवते. ऑगस्ट २०१७ मध्ये तो यूट्यूबवर आला आणि कोट्यवधी वेळा पाहिला गेला.

या आवाजाचा बारकाईने विचार करायला हवा, कारण पुढचं सगळं त्याच्याशी जोडलेलं आहे. क्लेरोचा आवाज मोठा नाही. ती जोर लावून गात नाही, श्वास आणि स्वर यांच्या सीमेवर गाते. असा आवाज खोलीत, मायक्रोफोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन रेकॉर्ड केला की ऐकणाऱ्याला ती शेजारीच बसून बोलते आहे असं वाटतं. पुण्या-मुंबईत, नाशकात, पणजीत माझ्या ओळखीतली कितीतरी मुलं-मुली अशीच कामं करतात. भिंतीला चादरी लावायच्या, पंखा बंद करायचा, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या थांबेपर्यंत वाट पाहायची आणि मग हळू आवाजात गायचं, कारण घरात कुणीतरी झोपलेलं असतं. त्या गाण्यांमधला तो दबकेपणा मुळात परिस्थितीतून येतो, शैली ती नंतर होते. ‘बेडरूम पॉप’ हे नाव ज्या प्रकाराला मिळालं त्याची गंमत इथेच आहे: आवाज लहान ठेवावा लागतो म्हणून तो जवळचा वाटतो.

पण खोलीला मर्यादाही असतात. तिथे ड्रम यंत्राचा असतो, तो कधीच थकत नाही आणि कधीच दचकत नाही. तिथे तुमच्या सुराला उत्तर देणारं कुणी नसतं. तुम्हीच प्रश्न विचारता, तुम्हीच उत्तर देता, आणि आवडलं नाही तर तुम्हीच पुसून टाकता.

गाणं पसरल्यावर वर्ष व्हायच्या आत दुसरी बाजू बाहेर आली. तिचे वडील मोठमोठ्या कंपन्यांमध्ये विपणनाच्या वरच्या पदांवर काम केलेले. त्यांच्या ओळखीतून ती ‘फेडर’ या मासिकाशी संलग्न लेबलपर्यंत, म्हणजे गाणी प्रकाशित करणाऱ्या कंपनीपर्यंत, पोहोचली आणि तिचा बारा गाण्यांचा करार झाला. हे छापून आल्यावर ‘इंडस्ट्री प्लांट’ असा शिक्का तिच्यावर बसला. म्हणजे उद्योगानेच पेरलेलं रोपटं, वरवर आपोआप उगवल्यासारखं दिसणारं.

या आरोपाकडे मी दोन्ही बाजूंनी पाहतो. ओळखीचा फायदा झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. एका फोनवर लेबलचा माणूस ऐकून घेईल अशी सोय हजारांत एखाद्याच मुलीला असते, आणि जिला ती नसते तिच्या मनात कडवटपणा येणं साहजिक आहे. पण करार आला तो गाणं लोकांनी उचलून धरल्यावर. शिवाय ओळखीने दार उघडतं, तिसरा अल्बम होत नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो या आरोपाचा परिणाम. एकटीने केलं म्हणून ज्या मुलीचं कौतुक झालं, तिला नंतर प्रत्येक वेळी ‘मी हे एकटीने केलं’ हे सिद्ध करत बसण्याची सक्ती होऊ शकते. दुसऱ्या कुणाचा हात लागला की लोक म्हणणार, बघा, सांगितलं नव्हतं? अशा दडपणाखाली माणूस कायम आपल्या खोलीतच अडकून पडू शकतो. क्लेरो अडकली नाही, आणि या प्रकरणातला पहिला खरा निर्णय मी यालाच मानतो.

दुसरी खोली : लॉस एंजेलिस

सिरॅक्यूस विद्यापीठात नाव घातलेलं, पण शिक्षण आणि दौरे एकत्र जमणं अवघड होतं. मे २०१८ मध्ये ‘डायरी ००१’ हा सहा गाण्यांचा छोटा संग्रह आला. त्याच वर्षी गायिका दुआ लिपाच्या आणि पुढच्या वर्षी गायक खालिदच्या अमेरिकी दौऱ्यांत ती मुख्य कार्यक्रमाआधी गायली. कुजबुजत्या आवाजाची गाणी घेऊन हजारो लोकांसमोर उभं राहणं ही वेगळीच परीक्षा आहे, विशेषतः ते हजारो लोक दुसऱ्याच कुणासाठी आलेले असतात तेव्हा.

२ ऑगस्ट २०१९ रोजी पहिला पूर्ण अल्बम आला, ‘इम्युनिटी’. सहनिर्माता रोस्तम बॅटमांग्लिज, पूर्वी व्हॅम्पायर वीकेंड या बँडमध्ये असलेला. इथे खोलीत पहिल्यांदा दुसरा माणूस आला, आणि त्याच्याबरोबर खरे ड्रमही: काही गाण्यांवर हाइम या बँडमधल्या डॅनिएल हाइमने ते वाजवले आहेत. ‘बॅग्ज’ हे गाणं ऐकलं की फरक चटकन कळतो. ड्रम जरासा रेंगाळतो, गिटार त्याच्याकडे वळून पाहते, आणि क्लेरोचा आवाज तोच राहूनही आता त्याच्या मागे जागा आहे.

अल्बमच्या नावात तिचा आजार दडलेला आहे. शेवटच्या गाण्यात तो उघडपणे येतो. पहिल्या गाण्याला ‘एलवाइफ’ हे बॉस्टनच्या मेट्रोच्या रेड लाइनच्या शेवटच्या स्टेशनाचं नाव आहे. शाळेत असताना अत्यंत वाईट रात्री आपल्याला सावरणाऱ्या मैत्रिणीबद्दलचं ते गाणं आहे. म्हणजे जागा बदलली तरी ती लिहीत होती आपल्या गावाबद्दलच.

या अल्बममधल्या ‘सोफिया’ची कथा थोडक्यात सांगतो. २०२० मध्ये ते टिकटॉकवर पसरलं आणि क्लेरोचं नाव प्रथमच अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या पहिल्या शंभर गाण्यांच्या यादीत आलं. कुठल्याही लेबलने इथून पुढची आखणी काय केली असती ते उघड आहे: अजून चार ‘सोफिया’.

तिसरी खोली : डोंगरावर

तिने तसं केलं नाही. मधल्या काळात कोरोनाची साथ आली, सगळं जग घरात बसलं, तिने एक कुत्री पाळली. तिचं नाव जोनी. पुढच्या अल्बममध्ये जोनीच्या नावाचं एक शब्दांशिवायचं वाद्यसंगीतही आहे. संगीत सोडून द्यावं का, असा विचार या काळात मनात आला होता हे तिने मुलाखतींमधून सांगितलं आहे.

‘स्लिंग’ १६ जुलै २०२१ रोजी आला. निर्माता जॅक अँटोनॉफ, जागा ‘अलेअर’ स्टुडिओ. न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेकडे, कॅट्सकिल डोंगरांत, एका माथ्यावर. गाणी मंद आहेत, तंतुवाद्यांनी भरलेली, घर आणि आईपण आणि कुणाची तरी जबाबदारी घेणं यांबद्दलची. ‘ब्लाउज’ या गाण्याचा विषय वेगळा: बाई आपल्या मनातलं बोलत असते आणि समोरचा पुरुष तिच्या शरीराकडे पाहत असतो. संगीत व्यवसायात कोवळ्या वयात आलेल्या मुलीने ते लिहिलेलं आहे. रागाचं गाणं असूनही ते जवळजवळ अंगाईच्या आवाजात गायलं आहे, आणि म्हणूनच ते जास्त टोचतं. त्यात पाठीमागे लॉर्ड या न्यूझीलंडच्या गायिकेचा आवाज आहे.

‘सोफिया’ची वाट पाहणारे काहीजण गोंधळले. अल्बम बिलबोर्ड २०० या अल्बमच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत गेला, पण नाचता येईल असं त्यात फारसं काही नव्हतं. मला ‘स्लिंग’ आवडतो, तरी त्याच्यात एक जडपणा आहे हे मान्य करावं लागेल. प्रत्येक गाण्यात खूप काही एकावर एक रचलेलं आहे, धुक्यात चालल्यासारखं वाटतं. एक मात्र घडलं. लोकांपासून दूर जाऊन, तरी एकटी न राहता, काम करता येतं हे तिला कळलं. आणि लोकांना हवं ते दिलं नाही तरी आपण टिकतो, हेही.

चौथी खोली : क्वीन्स

लिऑन मायकल्स हा सॅक्सोफोन वाजवणारा, कळफलक वाजवणारा आणि निर्माता. शेरॉन जोन्स अँड द डॅप-किंग्ज या बँडमध्ये तो होता, ‘एल मायकल्स अफेअर’ हा त्याचा स्वतःचा ताफा. न्यूयॉर्कमध्ये २००० नंतर सोल या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या संगीताच्या जुन्या पद्धतीचं जे पुनरुज्जीवन झालं, त्यातली ही मंडळी. त्यांचं म्हणणं सरळ होतं: १९६०-७०च्या दशकांतल्या रेकॉर्डींचा आवाज आवडतो ना, मग तो आवाज ज्या रीतीने तयार व्हायचा त्या रीतीने काम करू. नकली जुनेपणाचा फिल्टर लावायचा नाही.

‘चार्म’मध्ये मायकल्स सहनिर्माता आहे. त्याच वर्तुळातले ड्रमवादक होमर स्टाइनवाइस आणि बासवादक निक मोव्हशॉन या अल्बमवर आहेत. काम क्वीन्समध्ये झालं आणि काही भाग पुन्हा ‘अलेअर’ला, त्याच डोंगरावर. बराचसा अल्बम वादकांनी एकत्र वाजवून थेट टेपवर घेतलेला आहे.

टेपमुळे नेमकं काय होतं, ते इथे जरा सविस्तर सांगतो, कारण ‘टेपचा उबदार आवाज’ हे शब्द आता चहाच्या जाहिरातीसारखे वापरले जातात.

पहिली गोष्ट यांत्रिक आहे. चुंबकीय टेपवर आवाज जोरात आला की त्याची टोकं दबतात, ड्रमचा घाव थोडा बोथट होतो, तीक्ष्णपणा कमी होतो. कुजबुजणाऱ्या गायिकेसाठी हे वरदान आहे. पाठीमागचा ड्रम टोचत नसेल तर तिला आवाज चढवावा लागत नाही. स्टुडिओत ड्रमवर कापड टाकून त्याचा नाद मारायची १९७०च्या दशकातली युक्तीही याच कामाची.

दुसरी गोष्ट जागेची. संगणकावर हवे तितके ट्रॅक उघडता येतात, शंभर म्हणा, दोनशे म्हणा. दोन इंची टेपवर साधारण चोवीस. त्यामुळे प्रत्येक वाद्याला आपण का आहोत याचं उत्तर द्यावं लागतं. ‘स्लिंग’मधलं धुकं ‘चार्म’मध्ये विरळ झालं ते यामुळेही असावं असं मला वाटतं. ‘सेक्सी टू समवन’ हे गाणं ऐका. बास, ड्रम, पियानो, मधूनमधून बासरी. चार-पाच गोष्टी, आणि त्यांच्यामध्ये भरपूर मोकळी जागा. विषयही तितकाच साधा: कुणाला तरी आपण हवेसे वाटावं, त्यासाठी तरी घराबाहेर पडावं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिचा यंत्राशी थेट संबंध नाही. माणसं एकत्र वाजवतात तेव्हा एकाच्या माईकमध्ये दुसऱ्याचा आवाज शिरतो. ध्वनिमुद्रणवाले त्याला लीकेज म्हणतात. लीकेज झालं की नंतर एकट्या ड्रमचा आवाज उचलून बदलता येत नाही, कारण त्यात पियानोही अडकलेला असतो. म्हणजे तिथल्या तिथे ठरवावं लागतं: हे चाललं की नाही? झालं, पुढे. पुसत बसण्याची सोय गेली. खोलीत एकटीने काम करणाऱ्या, सगळं आपल्या मुठीत ठेवणाऱ्या कलाकाराने ही सोय आपण होऊन सोडणं, हा मला ‘चार्म’मागचा सर्वांत धाडसी निर्णय वाटतो. गाण्यांतला मोकळेपणा त्यातून आला आहे. ताल एका गाण्यात किंचित पुढे जातो, किंचित मागे येतो, आणि कुणी तो सरळ रेषेत ओढून बसवलेला नाही.

हा अल्बम ऐकताना झुळूक लागल्यासारखं वाटतं. ती झुळूक अगदी शब्दशः आहे. या अल्बमवर फुंकून वाजवायची वाद्यं भरपूर आहेत, बासरी आणि क्लॅरिनेट. या वाद्यांना दम घ्यावा लागतो, सुराच्या आधी हवा ऐकू येते. क्लेरोच्या गाण्यातही सुराआधी हवा येते. दोन्ही एकाच जातीचे आवाज आहेत, म्हणून ते एकमेकांत मिसळतात. गिटारवर लिहिलेल्या पॉप गाण्यात बासरी बऱ्याचदा वरून लावलेल्या गजऱ्यासारखी वाटते, इथे ती गायिकेच्या श्वासाचंच पुढचं टोक वाटते.

अल्बमच्या आसपास क्लेरोने ज्या जुन्या गायकांची नावं घेतली त्यांत हॅरी निल्सन, ब्लॉसम डिअरी आणि पेगी ली आहेत. डिअरी आणि ली दोघीही मोठा आवाज न करता गाणाऱ्या. आवाज लहान असणं ही उणीव नाही, त्या आवाजाभोवती ताफा कसा बसवायचा एवढाच प्रश्न आहे, हे या गायिकांनी फार पूर्वी दाखवून दिलं होतं. बेडरूममध्ये परिस्थितीने शिकवलेली गोष्ट क्लेरोला या जुन्या रेकॉर्डींमध्ये कारागिरी म्हणून सापडली असावी.

मराठीत आपण ‘स्मरणरंजन’ म्हणतो. त्या शब्दात स्मरण आहे. पण १९९८ मध्ये जन्मलेल्या मुलीला १९७०च्या दशकाचं स्मरण कुठून असणार? म्हणून मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा थोडा साशंक होतो. हल्ली जुनेपणा विकत मिळतो, तपकिरी रंगाचे फोटो, रेकॉर्डीच्या खरखरीचा आयता आवाज. पुन्हा पुन्हा ऐकल्यावर माझं मत बदललं. इथे आठवण एखाद्या काळाची नाही, आठवण आहे ती पाच-सहा जणांनी एका जागी बसून एकमेकांकडे पाहत काम करण्याची. ज्या पिढीने शाळा-कॉलेजची काही वर्षं पडद्यासमोर काढली, तिला या गोष्टीची ओढ वाटण्यासाठी १९७० साल पाहिलेलं असण्याची गरज नाही.

सगळंच साधलं आहे असं नाही. मधल्या गाण्यांची लय एकमेकींच्या इतकी जवळ आहे की लक्ष नसेल तर एक कधी संपलं आणि दुसरं कधी सुरू झालं कळत नाही. ‘इको’ मात्र वेगळं पडतं. त्यात ऑर्गनचे सूर गरगरत राहतात, जमीन थोडी सरकते, आणि उरलेल्या अल्बमचा गोडवा तिथे क्षणभर आंबट होतो. अशी अजून दोन गाणी असती तर मला जास्त आवडलं असतं. ‘ग्लोरी ऑफ द स्नो’ हे नाव बर्फ वितळताच उमलणाऱ्या एका छोट्या निळ्या फुलाचं आहे. शेवटचं ‘पिअर ४’ अल्बमला आवाज न करता मिटवतं.

मालकी

आधीचे दोन्ही अल्बम ‘फेडर’च्या लेबलवर होते, ‘स्लिंग’च्या वेळी ‘रिपब्लिक’ही सोबत होतं. ‘चार्म’ क्लेरोने स्वतःच्या नावाखाली काढला, वितरण ‘व्हर्जिन म्युझिक’कडे दिलं. ज्या मुलीला ‘पेरलेलं रोपटं’ म्हटलं गेलं, तिने इथे जमीन आपल्या नावावर करून घेतली.

व्यवहाराच्या दृष्टीने याचा अर्थ असा. लेबल आगाऊ पैसे देतं, त्या बदल्यात ध्वनिमुद्रणाचे हक्क बहुतेक वेळा त्याच्याकडे जातात किंवा वर्षानुवर्षं अडकून राहतात. स्वतः काढायचं तर स्टुडिओचं भाडं, वादकांचं मानधन, मिक्सिंग, प्रसिद्धी हा सगळा खर्च आणि धोका आपला, पण गाणंही आपलं. हे कोणालाही जमेल असं मी म्हणणार नाही. हातात आधीच एक ‘सोफिया’ असावी लागते, मागे सात वर्षांचा श्रोता असावा लागतो, आणि घरची परिस्थितीही बेताची नसलेली बरी. तरीही त्या जागी पोहोचलेले कितीतरी कलाकार मोठ्या कराराची निवड करतात. हळू आवाजाचा, बासऱ्यांचा, टेपवर केलेला अल्बम स्वतःच्या जोखमीवर काढणं हे खर्चाच्या बाजूने सोपं गणित नव्हतं.

त्यानंतर

‘चार्म’ बिलबोर्ड २००च्या यादीत आठव्या क्रमांकावर आला. पहिल्या दहांत येण्याची क्लेरोची ही पहिलीच वेळ. सप्टेंबरमध्ये तिने लॉस एंजेलिसच्या फोंडा थिएटरात आणि न्यूयॉर्कच्या वेबस्टर हॉलमध्ये पाच-पाच रात्री कार्यक्रम केले. एकाच सभागृहात इतक्या रात्री गाणं, हे मोठी मैदानं गाठत पळण्यापेक्षा या गाण्यांना जास्त शोभणारं होतं. (कुठल्याही गायिकेच्या सांध्यांनाही तेच बरं, असं मला राहून राहून वाटतं.)

‘बेस्ट ऑल्टरनेटिव्ह म्युझिक अल्बम’ या विभागात ‘चार्म’ला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो पुरस्कार सेंट व्हिन्सेंट या गायिकेला गेला. त्या एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियातल्या कोचेला संगीत महोत्सवात क्लेरोच्या कार्यक्रमाआधी सिनेटर बर्नी सँडर्स रंगमंचावर आले आणि त्यांनी तिची ओळख करून दिली. स्त्रियांच्या हक्कांबद्दल आणि गाझाबद्दल ती बोलली म्हणून त्यांनी तिचं कौतुक केलं. हळू गाणाऱ्या माणसाला ठाम मतं नसतात असा कुणाचा समज असेल तर ‘ब्लाउज’पासूनच तो दूर व्हायला हवा होता.

पण या सगळ्यापेक्षा एका गाण्याने मला जास्त वेळ धरून ठेवलं आहे. त्याचं नाव ‘जुना’. क्लेरोला आपली भाषा माहीत असण्याचं कारण नाही, तरी मराठी कानाला हा शब्द ऐकू येतो तो येतोच, आणि या अल्बमवर यापेक्षा चपखल नाव मला सुचवता आलं नसतं. लोकांनीही हेच गाणं सर्वांत जास्त उचललं, टिकटॉकवर ते खूप फिरलं. एखादा माणूस आपल्याला इतक्या सहज ओळखतो की आपण आपोआप मोकळे होतो, अशा जवळिकीचं ते गाणं आहे.

त्यात एका जागी ट्रम्पेट वाजतो. नीट ऐकलं की कळतं, तो ट्रम्पेट नाही. तो तोंडाने काढलेला आवाज आहे, ओठ मिटून, लहान मूल खेळताना बँडबाजा वाजवतं तसा. निर्माता स्वतः सॅक्सोफोन वाजवणारा, फुंकून वाजवणाऱ्या कसलेल्या वादकांची त्या वर्तुळात कमी नाही. खरा ट्रम्पेट मागवायला एक फोन पुरला असता. पण कुणीतरी ऐकलं, हसलं असेल, आणि म्हणालं असेल, राहू दे. कार्लाइलच्या त्या खोलीत ट्रम्पेट नव्हता म्हणून मुलीने तोंडानेच तो आवाज काढला असता. इथे सगळं उपलब्ध असताना तिने तोंडानेच काढला, आणि पाठीमागे ड्रमवाला, बासवाला शांतपणे ताल धरून होते.